‘आपलं’ कापड म्हणजे कुणाचं?

दोस्तांनो, प्रश्न साधा आहे. साधा आहे म्हणूनच आपल्या मीटिंगांत तो कुणी धड विचारत नाय. बाहेरचं कापड येतं, इथली गिरणी बंद पडते, माणसं रस्त्यावर येतात. मग एकजण उठतो आणि म्हणतो, जकात वाढवा, देशी धंदा वाचवा. दुसरा उठतो आणि म्हणतो, बाजार खुला राहू द्या, बाजाराला जात नसते, आपल्या पोरांना त्यातच वाट सापडेल. दोघांनाही टाळ्या पडतात. मग चहा येतो. मीटिंग संपते.

माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ‘वाचवा’ म्हणताना आपण कुणाला वाचवतोय? आणि ‘खुलं करा’ म्हणताना दार कुणासाठी उघडतोय? याला अर्थशास्त्राचा प्रश्न म्हणून बाजूला टाकता येत नाय. हा नीतीचा प्रश्न आहे. माझी भाकरी वाचवायला दुसऱ्या कुणाची भाकरी लागत असेल, तर मी काय मागावं, हे पगाराच्या पावतीवर छापलेलं नसतं.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. तुटलेला धागा जोडायचा, पुढं जायचं, परत तुटला की परत जोडायचा. कंत्राटदाराच्या पटावर नाव. शाळा दहावीत सुटली. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वस्तीतल्या वाचनालयात. प्राध्यापकांसारखे आलेख मला काढता येत नायत. पण धागा कुठून आला नि कुठं गेला, हे बघायची सवय हाताला लागलीय. तेवढ्यावर लिहितो.

आधी खुल्या व्यापाराचं बघू. १८८२ साली इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या सुती कापडावरची जकात काढून टाकली. नाव दिलं ‘फ्री ट्रेड’. मँचेस्टरचं कापड मोकळं सुटलं. पुढं तिजोरीत खडखडाट झाला म्हणून १८९४ साली जकात परत बसवावी लागली, तर मँचेस्टरवाल्यांनी ओरड केली. मग १८९६ साली बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि इथल्या गिरणीत विणलेल्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर. म्हंजे तराजू सरळ दिसावा म्हणून इथल्या पारड्यात मुद्दाम दगड टाकला. ज्याच्या हातात तराजू, त्याचाच व्यापार ‘फ्री’.

हे सगळे सांगतात. सांगत नायत ते दुसरंच. विदर्भात, नागपूरच्या बाजूला आपले महार बांधव जाडंभरडं कापड विणायचे. तो त्यांचा धंदा होता, वेठबिगारीच्या बाहेरची थोडी इज्जतीची भाकरी होती. ती गिरणीच्या कापडाने खाल्ली. आधी साहेबाच्या गिरणीने, मग देशी गिरणीने. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तेव्हा तिचा भोंगा हातमागवाल्याला मँचेस्टरच्या बोटीपेक्षा वेगळा थोडाच वाजला? आणि मुंबईच्या गिरण्यांचं सूत त्या काळात गलबतं भरभरून चीनला जायचं. तिथं घरोघर सूत काढणाऱ्या बायांचे हात त्या सुताने रिकामे केले. त्यांच्या दृष्टीने परदेशी माल आपला होता. तेव्हा ‘आपण फक्त मार खाल्ला’ हा इतिहास अर्धा आहे.

आता भिंतीची गोष्ट. म्हंजे संरक्षणाची, स्वदेशीची.

१९२५ साली मुंबईच्या मालकांनी मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापली. म्हणाले, सरकारचा तो साडेतीन टक्के कर आमच्या मानगुटीवर आहे. कामगारांनी संप केला, सप्टेंबर ते डिसेंबर. घरात दाणा नाय, तरी टिकले. डिसेंबरात सरकारने कर तहकूब केला, मजुरी परत मिळाली, दुसऱ्या वर्षी कर रद्दच झाला. बघा, व्यापाराचा कायदा आणि पोटाची भाकरी एकाच दोऱ्यात ओवलेली होती. पण दोरा ओढला कुणाच्या पोटातून? कर सरकारचा, तोटा मालकाचा, उपास कामगाराचा.

मग १९३० साली संरक्षणाचा कायदा आला. ब्रिटनच्या कापडावर १५ टक्के, बाकीच्या देशांच्या कापडावर २० टक्के. १९३३ साली बिगर-ब्रिटिश कापडावरची जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली, जपानला अडवायला. भिंत चांगली डोक्याएवढी झाली. मग आतल्या कामगाराचं भलं झालं का? नाय. त्याच १९३३-३४ मध्ये मुंबईत मजुऱ्या कापल्या गेल्या आणि एप्रिल १९३४ मध्ये परत सार्वत्रिक संप करावा लागला. भिंत बंदरावर होती. गिरणीच्या आत मालक मोकळाच होता.

आणि गिरणीच्या आत अजून एक भिंत होती, जिच्यावर कुठल्याच टॅरिफ बोर्डाने अहवाल लिहिला नाय. माग खात्याचं दार. मागावर पगार जास्त. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? म्हणून बहुतेक गिरण्यांत आपल्या माणसाला माग खातं बंद. त्याच्या वाट्याला रिंग खातं, कमी पगाराचं. मी आज ज्या खात्यात उभा आहे, तेच.

विदर्भात पिढ्यान् पिढ्या विणणारा माणूस मुंबईत आला, आणि त्याला सांगितलं, तू मागाला हात लावू नको. मँचेस्टरने त्याचा माग घेतला, आणि स्वदेशीने त्याला नवा माग दिला नाय.

१९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, माग खात्यातली ही बंदी उठवायची मागणी घ्या, नाय तर आमची माणसं तुमच्याबरोबर संपात का म्हणून राहतील? पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालकांनी हात झटकले. बंदी आम्ही घातलेली नाय, ती तुमच्याच माणसांनी घातलीय, म्हणाले. आणि च्यायला, एवढ्यापुरतं खरं बोलले! मागे १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागं हा धोटा होता. तो भाषणातला अलंकार नव्हता.

बाबासाहेबांचं अजून एक पुस्तक आपण कपाटात ठेवतो आणि वाचत नाय. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, १९२३ चं. मला ते समजायला चार पावसाळे लागले, पण त्यातला एक मुद्दा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. तेव्हा मुंबईचे धंदेवाले म्हणत, रुपया स्वस्त ठेवा, म्हंजे माल बाहेर जाईल, देशाचा फायदा होईल. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? परदेशातून येत नाय. रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि तो मधला फरक मालकाच्या खिशात जातो. ज्याला देशाची कमाई म्हणतात, ती देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढलेली असते. आज शंभर वर्षांनी जकात, सबसिडी, करार, निर्यात यांतला कुठलाही शब्द कानावर पडला की हाच प्रश्न लावून बघायचा. फायदा देशाचा म्हणता, पण देशातल्या कुणाचा?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांकडे येतो. ते म्हणतात, हे सगळं सरकारी बंधनाचं जुनं जग. बाजार जात विचारत नाय. २००५ साली दलित उद्योजकांची चेंबर निघाली, आपली माणसं कारखानदार झाली. झाली, चांगलंच झालं. त्यांच्या कष्टाबद्दल मी वाईट बोलणार नाय. पण बाजार जात विचारत नसेल, मुकादम विचारतो ना! आधी आडनाव विचारतो. आडनावावरून कळलं नाय तर गाव विचारतो. गावावरून कळलं नाय तर गावातली गल्ली विचारतो. मी ज्या गिरणीत आहे तिथं नोटीस बोर्डावर जात कुठं लिहिलेली नाय. तरी संडास आणि गटार कोण साफ करतं, ऑफिसात कोण बसतं, आणि मधे कापसाच्या धुळीत कोण खोकतं, हे डोळे मिटून सांगता येतं. पूर्वी दार बंद करायला माणसं लागायची. आता कंत्राटदाराची यादी पुरते.

आणि गिरणगाव कुणी मारला? चीनच्या बोटीने? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणूस बाहेर पडला. तेव्हा भारताचा बाजार बंदच होता. १९९१ चं खुलेकरण अजून नऊ वर्षं लांब होतं. म्हंजे पुरेपूर संरक्षण असताना गिरणगाव उद्ध्वस्त झाला. नंतर १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा महापालिकेला, एक वाटा म्हाडाला असं लिहिलं. २००१ साली नियम बदलला, वाटा फक्त मोकळ्या जमिनीचा धरायचं ठरलं, आणि शहराचा तुकडा चिमूट झाला. २००६ साली सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. आज तिथं मॉल आहेत.

आणि कापड? कापड परदेशात गेलंच नाय सगळं. माग भिवंडीला गेले, मालेगावला गेले, इचलकरंजीला गेले. एका शेडमधले माग चार नावांवर लावायचे, म्हंजे कारखाना कायदा लागू होत नाय. तेच कापड, तोच देश, कधीकधी तोच व्यापारी. बदललं एवढंच, की हजेरीपट गेला, प्रॉव्हिडंट फंड गेला, आठ तासाचे बारा तास झाले. याला ‘देशी रोजगार गेला’ असं कुणी म्हणत नाय, कारण आकड्यात तो इथंच आहे. मी म्हणतो, तो देशाबाहेर गेला नसेल, कायद्याबाहेर गेला. आणि गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला कायद्याबाहेर म्हंजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून भिंत की दार, हा वाद मला अपुरा वाटतो. पण इथंच थांबलो तर नीतीचा प्रश्न चुकवल्यासारखं होईल. खरा अवघड प्रश्न पुढं आहे.

२०२५ चं बघा. २४ जुलैला ब्रिटनबरोबर व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या, इथल्या कापडावरची तिथली जकात काढायचं ठरलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर आधी २५ टक्के, आणि २७ तारखेपासून वर अजून २५, असे ५० टक्के लावले. गिरणी-मालकांची धावपळ झाली. सरकारने १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरची ११ टक्के आयात जकात काढली, पुढं ती सवलत डिसेंबरअखेर वाढवली. कारण सांगितलं, कापड धंदा आणि त्यातला रोजगार. म्हंजे मी. माझ्या नावाने बाहेरचा कापूस स्वस्त आला, नेमका यवतमाळ-अमरावतीचा कापूस बाजारात यायच्या वेळेला. तिथला कोरडवाहू शेतकरी भावात मार खातो. त्याच्या रानात कापूस वेचणारी बाई, जी बहुतेक वेळा आपल्यातली किंवा आदिवासी, जिच्याकडं वीतभर जमीन नाय, ती किलोमागं मिळणाऱ्या मजुरीत मार खाते. माझी भाकरी आणि तिची भाकरी समोरासमोर उभी केली. आणि उभी करणारे बाजूला झाले.

तसंच बांगलादेशचं. आमच्याकडं म्हणतात, बांगलादेशाने आपले ऑर्डर खाल्ले. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकाम करणाऱ्यांना आत घातलं. ११३४ माणसं मेली, त्यांत बहुतेक बाया. ह्या माझ्या शत्रू? ह्यांनी माझं काम पळवलं?

याचं उत्तर शोधताना मला एक जुनी घटना सापडली. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. गुलामांच्या हातचा कापूस उत्तरेच्या आरमाराने अडवला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार उपाशी. आरमाराची नाकेबंदी मोडून कापूस आणा, असा गुलामीवाल्यांच्या बाजूचा दबाव इंग्लंडात होता. आणि ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी ठराव केला, लिंकनला पत्र लिहिलं, आम्ही गुलामी मोडणाऱ्यांच्या बाजूने आहोत. लिंकनने जानेवारीत त्यांना उत्तर पाठवलं. सभा झाली त्या इमारतीचं नाव काय? फ्री ट्रेड हॉल! सगळं लँकेशायर एका तोंडाने बोललं असं नाय, काही गावं उलटही बोलली. पण रिकाम्या पोटाची माणसं म्हणाली, गुलामाच्या पाठीवरून येणारा कापूस आम्हाला नको. पुढं १८७३ साली जोतीबांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या माणसांना. ते नातं जोतीबांना दिसलं होतं.

ही गोष्ट सांगून मी कुणाला उपाशी मरायचा उपदेश करत नाय. भरल्या पोटाचे लोक गरिबाच्या त्यागाचं फार कौतुक करतात, त्यांची मला चीड आहे. मला एवढंच घ्यायचंय, की कामगार आपल्या कामाच्या पलीकडं बघू शकतो, आणि त्याने बघितलंय. माझी नोकरी हा माझा हक्क आहे. पण दुसऱ्याला गुलाम ठेवून टिकणारी नोकरी हा हक्क होत नाय. तो धोट्याच्या बाजूने उभा राहणाऱ्या सवर्ण कामगाराचा हक्क होईल. त्यालाही वाटत होतं, मी माझं काम वाचवतोय.

मग करायचं काय? लोखंड्यांकडं बघू. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, आठवड्याची सुट्टी मागितली. त्याच वेळेला मँचेस्टरवालेही म्हणत होते, हिंदुस्थानात कामाच्या तासांवर कायदा करा. त्यांना आपल्या मजुराची माया नव्हती, मुंबईचा माल महाग व्हायला हवा होता. इथले मालक म्हणाले, बघा, हा परक्यांचा डाव आहे, कायदा मागणारा देशाच्या मुळावर उठलाय. लोखंडे त्या भीतीने गप बसले नाहीत. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की झाली, बायांना अकरा तासांची मर्यादा आली. कायद्यामागं कुणाची नियत काय होती हे लोखंड्यांना कळत होतं. त्यांनी विचारलं एवढंच, या कायद्याने कुणाचे तास कमी होतात?

डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची बैठक झाली, तेव्हा श्रमिकांचे हक्क व्यापाराला जोडू नका, असं भारत सरकार म्हणालं. हा श्रीमंत देशांचा छुपा अडसर आहे, म्हणालं. असेलही. श्रीमंत देश साधू नायत. पण मग ते हक्क तुम्ही इथं स्वतःहून द्या ना, कुणी अडवलंय? इथं काय केलं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू केल्या. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागायची, आता तीनशेपासून. विजेवर चालणारा कारखाना पूर्वी दहा कामगारांवर कायद्यात यायचा, आता वीसवर. शेडचे तुकडे करणाऱ्यांना आता तुकडेही मोठे करता येतील. बाबासाहेब मजूर खात्यात असताना १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारा कायदा झाला. १९४७ साली घटना समितीपुढं ठेवलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांचं म्हणणं हेच, की सरकार मागं हटलं की ती जागा मोकळी राहत नाय, तिथं मालकाचं राज्य येतं.

तेव्हा दोस्तांनो, माझं मत असं. जकात मागायची की नाय, करार मानायचा की नाय, हे दर वेळेला बघून ठरवू. पण कामगाराच्या नावाने जे काही दिलं जाईल, मग ती जकात असो, सबसिडी असो, स्वस्त कापूस असो, त्याला अट घाला. हजेरीपटावर नाव. कायद्याची मजुरी. कंत्राटाच्या आडून वर्षानुवर्षं कायम काम नको. खात्याखात्यात कोण आहे याचा हिशेब गेटवर लावा, म्हंजे माग खात्याचं दार नव्या रूपात बंद आहे का ते दिसेल. अट मान्य नसेल तर आमच्या नावाने मागू नका, स्वतःच्या नावाने मागा. आणि दार उघडल्याने जे मरणार, शेतकरी, वेचणारी, विणणारा, त्यांना नवं काम मिळेपर्यंत सांभाळणं ही भीक नव्हे. सगळ्यांच्या फायद्याची किंमत त्यांनी एकट्याने का भरावी?

हे कुणी आयतं देणार नाय. पुढच्या गेट मीटिंगला ‘देशी वाचवा’ची घोषणा आली, तर तिथंच उठून विचारा, देशी म्हंजे पटावरचे की पटाबाहेरचे? आणि ‘खुलं करा’ म्हणणारा आला, तर त्याला आधी कंत्राटदाराची यादी वाचायला द्या. सूतगिरणीच्या पोरांनी आणि यवतमाळच्या वेचणाऱ्या बायांनी एका मंडपात बसायला पाहिजे. भाव आणि मजुरी एकत्र मागायला पाहिजे. तेवढी जुळणी आपल्या संघटनांनी या हंगामात केली तरी पुष्कळ झालं. भाड्याचे पैसे गोळा करायला मी तयार आहे.

जय भीम.